वासाला जागा देणारी गल्ली

दिल्ली मेट्रोच्या ग्रीन पार्क स्थानकातून बाहेर पडून सफदरजंग एन्क्लेव्हकडे चालत निघालं, की सुरुवातीला सगळं ऐसपैस दिसतं. रुंद रस्ते, कुंपणाआडची घरं, फाटकाशी खुर्ची टाकून बसलेले रखवालदार. मग एका वळणावर रस्ता आक्रसतो. चार-पाच मजल्यांच्या इमारती एकमेकींना खेटून उभ्या राहतात, डोक्यावर विजेच्या तारांची गुंतवळ येते आणि वासही बदलतो. कुठूनतरी धुरावलेल्या मांसाचा, कुठूनतरी आंबवलेल्या सोयाबीनचा, मधूनच तव्यावर भाजल्या जाणाऱ्या मिरचीचा ठसका. हे हुमायूंपूर. दिल्लीच्या पोटात राहून गेलेलं एक जुनं जाट गाव. आज तिथल्या दुकानांच्या पाट्या वाचत गेलं, तर इम्फाळ, ऐजॉल, दिमापूर, कोहिमा अशी अख्खी ईशान्य एका गल्लीत भेटते.

संपादकांनी विषय दिला तो असा, की आपल्याच देशातलं पण आपल्याला ठाऊक नसलेलं जेवण हॉटेलात बसून कसं जेवावं आणि त्या हॉटेलामागे कोण माणसं असतात, ते जाऊन, पाहून लिहा. दिवाळी अंकात आजीच्या हातच्या हरवलेल्या पदार्थांवर पुष्कळ लिहून येतं. दुसऱ्याच्या आजीच्या पदार्थांवर फारसं येत नाही. म्हणून मी हुमायूंपूर गाठलं. नागा, मणिपुरी, मिझो, सिक्किमी, तिबेटी अशा इतक्या स्वयंपाकघरांची दारं एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर उघडतात, अशी जागा देशात दुसरी मला माहीत नाही.

भर दुपारी एका मणिपुरी खाणावळीत शिरले. अरुंद जिना, वर एक खोली, मोजकी टेबलं. शेजारच्या टेबलावर दोन मुली आल्या. त्यांनी मेनूकार्ड उघडलंच नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या असलेल्या बाईंना त्यांनी ‘इचे’ अशी हाक मारली. थोरल्या बहिणीला मैतेई भाषेत अशीच हाक मारतात. दोन वाक्यं बोलल्या आणि बसल्या. थोड्या वेळानं त्यांच्यासमोर भाताचा उंच ढीग, वाफाळत्या पातळ भाजीचा वाडगा, तळलेला मासा आणि एका बशीत हिरवट-करडा ठेचलेला गोळा आला. त्या पुढचा बराच वेळ बोलल्या नाहीत. ते जेवणं पाहताना माझं एक मत पक्कं झालं आणि पुढच्या फिरण्यात ते आणखी घट्ट होत गेलं. अशी खाणावळ आपल्यासाठी उघडलेली नसते. ती आधी तिच्या माणसांच्या भुकेसाठी उघडते. आपण तिथे जावं, आवर्जून जावं, पण पाहुण्याच्या रीतीनं.

लाल डोऱ्याच्या आत

ईशान्येतली ही सगळी मंडळी हुमायूंपूरलाच का आली, याचं उत्तर जमिनीच्या नकाशात आहे. १९०८ साली इंग्रजांच्या महसूल खात्यानं दिल्लीच्या गावांची मोजणी करताना वस्तीच्या जागेभोवती नकाशावर लाल रेघ ओढली, तोच लाल डोरा. रेघेच्या आत गावठाण, बाहेर शेती. आपल्याकडच्या गावठाणासारखाच हा प्रकार. पुढे स्वातंत्र्यानंतर दिल्ली पसरू लागली, तेव्हा सरकारनं शेतं ताब्यात घेतली आणि त्यांवर वसाहती उभ्या केल्या. रेघेच्या आतलं गाव मात्र गावकऱ्यांकडेच राहिलं. १९६३ च्या एका अधिसूचनेनं लाल डोऱ्याच्या आतल्या बांधकामाला महापालिकेच्या बांधकाम नियमांतून मोकळीक मिळाली. शेती गेलेल्या कुटुंबांनी मग घरावर मजले चढवले आणि खोल्या भाड्यानं दिल्या. पीक गेलं, भाडं आलं.

अशा गावांत भाडं आसपासच्या वसाहतींपेक्षा कमी असतं आणि तळमजल्यावर दुकान, पहिल्या मजल्यावर खाणावळ, वर बिऱ्हाडं अशी सरमिसळ चालून जाते. ईशान्येतून शिकायला, कॉल सेंटरमध्ये, सलूनमध्ये, विमान कंपन्यांत, मॉलमधल्या कपड्यांच्या दुकानांत काम करायला आलेल्या तरुणांना हेच हवं होतं. जेएनयूजवळचं मुनिरका, तिकडे दिल्ली विद्यापीठाजवळचं विजयनगर, अशा ठिकाणी ते आधीपासून होते. हुमायूंपूर त्यांत मागाहून आलं आणि खाण्याच्या बाबतीत सगळ्यांच्या पुढे गेलं. समाजशास्त्रज्ञ डंकन मॅकड्यूई-रा यांनी २०१२ मध्ये दिल्लीतल्या ईशान्येकडच्या स्थलांतरितांवर पुस्तक लिहिलं. दुकानाच्या काउंटरमागचा हसरा चेहरा म्हणून शहराला ही मुलं हवी असतात, शेजारी म्हणून मात्र शहर त्यांना अंतरावर ठेवतं, ही ओढाताण त्यात फार बारकाईनं आली आहे.

पहिल्या खाणावळी या ओढाताणीतूनच निघाल्या. बारा-बारा तासांच्या पाळ्या करून आलेल्या मुलांना रात्री भात हवा असायचा, आपल्या चवीचा. कुणी ओळखीची ताई चार-सहा जणांना डबा द्यायची. डब्याची खाणावळ झाली, खाणावळीला पाटी लागली. मुंबईत गिरणगावात कोकणातल्या आणि घाटावरच्या बायकांनी खानावळी चालवल्या, त्याची गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक आहे. घर सोडून आलेल्या माणसाचं पोट सांभाळणारी ही जुनीच व्यवस्था आहे. माणसं फक्त दुसऱ्या डोंगरांतून आली आहेत.

वासाचं भांडण

या स्वयंपाकाला दिल्लीत सर्वांत जास्त झगडावं लागलं ते वासापायी. २००७ साली दिल्ली पोलिसांनी ईशान्येतून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी सुरक्षेच्या सूचनांची पुस्तिका काढली. कपडे कसे घालावेत याच्या उपदेशासोबत तिच्यात अशीही सूचना होती, की बांबूचे कोंब, अखुनी (आंबवलेलं सोयाबीन) आणि तत्सम वासाचे पदार्थ शेजारात गडबड होऊ न देता शिजवावेत. पुस्तिका तयार करणारा अधिकारी स्वतः ईशान्येतलाच होता, त्यामुळे हेतू मुलांना जपण्याचा असणार हे मान्य. पण त्यातून गेलेला संदेश स्पष्ट होता. तुमचं जेवण ही तुमची सुरक्षेची अडचण आहे आणि ती तुम्हीच सोडवायची आहे.

जानेवारी २०१४ मध्ये अरुणाचलचा विद्यार्थी निडो तानिया लाजपतनगरमध्ये मारहाणीनंतर दगावला. त्याच्या केसांवरून झालेल्या चेष्टेतून ते भांडण पेटलं होतं. त्यानंतर केंद्र सरकारनं बेझबरुआ समिती नेमली. घर भाड्यानं मिळताना येणाऱ्या अडचणी, रस्त्यावरची शेरेबाजी, पोलिसांकडे जाण्याची भीती, हे सारं त्या निमित्तानं सरकारदरबारी नोंदलं गेलं. २०१९ च्या ‘अखुनी’ या चित्रपटात निकोलस खारकोंगोर यांनी हेच एका दिवसाच्या गोष्टीत बांधलं. मैत्रिणीच्या लग्नासाठी डुकराचं मांस अखुनी घालून शिजवायचं आहे आणि अख्ख्या वस्तीत ते शिजवायला जागा मिळत नाही. ती वस्ती हुमायूंपूरच.

एका खाणावळीच्या मालकिणीनं मला सांगितलं, की खोलीवर राहत असताना ती मध्यरात्रीनंतर खिडक्या बंद करून, दाराच्या फटीत ओला टॉवेल खुपसून अखुनी शिजवायची. आता तिच्या हॉटेलच्या धुराड्याखाली ती दिवसाढवळ्या शिजते. व्यवसायाच्या परवान्याचं तिला फार अप्रूप आहे. तो तिनं चौकट करून भिंतीवर लावला आहे.

मुंबई-पुण्याच्या वाचकाला यात परकं काय आहे? सुकट भाजल्याचा वास जिन्यात गेला म्हणून सोसायटीच्या सभेत विषय निघालेले आपण ऐकले आहेत. मासे-मटण खाणाऱ्यांना घर दाखवायलाच नकार देणारे दलाल आपल्या परिचयाचे आहेत. ज्याला सुकटीचा वास घराचा वाटतो, त्याला अखुनीचा वास कुणाला घराचा वाटत असेल हे समजायला वेळ लागू नये. मला वाटतं, हुमायूंपूरला जेवायला जाणाऱ्या मराठी माणसाकडे असलेली सर्वांत मोठी पुंजी हीच आहे.

सोयाबीन, केळीचं पान आणि चूल

अखुनी म्हणजे सुमी नागांचं आंबवलेलं सोयाबीन. सोयाबीन बोटांनी दाबलं की चिरडेल इतकं मऊ शिजवायचं, पाणी निथळून टाकायचं, मग केळीच्या किंवा रानातल्या रुंद पानांत बांधून चुलीच्या उबेला किंवा उन्हात काही दिवस ठेवायचं. वरून काहीच घालायचं नाही. मीठ नाही, विरजण नाही. पानावर आणि हवेत असलेले बॅसिलस जातीचे सूक्ष्मजीव काम करतात. दाण्यांवर चिकट तार सुटते आणि तो वास सुटतो.

आपल्या आंबवण्यापेक्षा हे वेगळं का लागतं, ते इथे कळतं. इडली, आंबोळी, दही यांत आम्ल तयार होतं, म्हणून ते आंबट. सोयाबीनमध्ये प्रथिनं भरपूर, ती फुटत जाताना अमोनिया सुटतो आणि पदार्थ आंबट न होता उग्र होतो. त्याच वेळी प्रथिनांतून ग्लुटामेट मोकळं होतं. जिभेवर मागाहून पसरणारी ती खोल, मांसल, तोंडाला पाणी आणणारी चव त्याचीच. नाकाला जे दूर लोटतं, तेच जिभेला जवळ ओढतं. जपानचा नाट्टो, कोरियातलं चॉङ्गुकजाङ, नेपाळ-सिक्कीमची किनेमा, मेघालयातलं तुंगरिंबाई, मिझोरामचं बेकांग, मणिपूरचं हवाइजार ही सगळी या एकाच घराण्यातली मंडळी. पूर्व हिमालयापासून जपानपर्यंत सोयाबीन खाणाऱ्यांनी हे आपापल्या पानांत बांधून ठेवलं आहे. आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनचं एवढं पीक येतं, ते तेलाच्या गिरणीत आणि पेंडीत जातं. ते असं जेवणात मुरवायचं असतं हे तिथल्या आपल्या शेतकऱ्याला कुणी सांगितलेलं नाही.

नागालँडच्याच मानववंशशास्त्रज्ञ डॉली किकोन यांनी अखुनीवर अभ्यासपूर्ण लिहिलं आहे. देशाच्या ताटात कुणाच्या आंबवलेल्या पदार्थाला जागा मिळते आणि कुणाच्या नाही, हा त्यांचा प्रश्न. तो मला कळीचा वाटतो.

दुसरा पदार्थ मराठी माणसानं मुद्दाम मागावा असा, तो आओ नागांचा अनिशी. अळूची पानं रचून ठेवायची, ती पिवळी पडून आंबू लागली की कुटून त्यांच्या वड्या थापायच्या आणि चुलीच्या वर टांगलेल्या बांबूच्या ताटीवर धुरात वाळवायच्या. काळ्या-करड्या, टणक. डुकराच्या मांसाबरोबर शिजल्या की त्यांचा दाट काळसर रस्सा होतो. आपण अळूचं फदफदं चिंच-गुळानं आणि शेंगदाण्यांनी खुलवतो. तिथे तेच पान आंबवून आणि धुरावून इतकं बदलतं, की पहिला घास खाताना ते अळू आहे यावर विश्वास बसत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या घासाला मात्र मागे कुठेतरी ती ओळखीची मातकट, हिरवी चव जाणवते. मला या सगळ्या फिरण्यात सर्वांत आवडलेला पदार्थ हाच.

मणिपुरी स्वयंपाकाचा आधार म्हणजे ङारी. पुंटी नावाची बोटभर मासळी उन्हात वाळवायची, मोहरीचं तेल लावलेल्या मातीच्या मडक्यात दाबून-दाबून भरायची आणि तोंड बंद करून कित्येक महिने ठेवायची. मीठ यातही नाही. मैतेई वैष्णव घरांत मांस परंपरेनं वर्ज्य, पण मासा चालतो, त्यामुळे रोजच्या जेवणाची सगळी खोली या चिमूटभर ङारीतून येते. शेजारच्या टेबलावर दिसलेला तो हिरवट-करडा गोळा म्हणजे एरोम्बा. उकडलेल्या भाज्या, भाजलेली ङारी आणि मिरच्या एकत्र ठेचलेल्या. वाडग्यातली पातळ भाजी म्हणजे चामथोंग. त्यात तेलाचा थेंब नाही, फोडणी नाही, नुसत्या भाज्या, कांदा, थोडं आलं, ङारी आणि पाणी.

तेल आणि मसाल्याची ही अनुपस्थिती पहिल्यांदा गोंधळात टाकते. आपल्या जिभेला फोडणी नसलेलं जेवण म्हणजे पथ्याचं जेवण वाटतं. इथे चव तीन वाटांनी येते, आंबवण्यातून, धुरातून आणि ताज्या पाल्यातून. मिझो घरातला ‘बाई’ नावाचा पदार्थ हा पाल्याचाच प्रकार. भोपळ्याचा पाला, रानातल्या भाज्या, मिरची आणि आंबवलेली डुकराची चरबी एकत्र उकळायची, झालं. नागांच्या गाल्होत तांदूळ, पालेभाजी आणि अखुनी किंवा धुरावलेलं मांस एकत्र शिजून मऊ खिचडी होते. पावसाळ्यात आजारी माणसाला द्यायचीही हीच आणि निरोगी माणसानं दोनदा मागून घ्यायचीही हीच.

मेनूची पहिली पानं आणि शेवटची

हुमायूंपूरच्या बहुतेक मेनूकार्डांची रचना सारखी आहे. पुढच्या पानांवर मोमो, चाउमीन, फ्राइड राइस, चिली चिकन. त्यानंतर बऱ्याच ठिकाणी कोरियन रामेन आणि किंबाप. त्यांचा स्वतःचा स्वयंपाक त्याच्या मागे, कधी अगदी शेवटच्या पानावर. कारण पोटापाण्याचं आहे. दिल्लीकर कॉलेजची मुलं मोमो-रामेनला येतात, बिल मोठं करतात आणि त्या पैशावर मागच्या पानावरचं हळूहळू शिजणारं जेवण तगतं. एका मालकानं मला हिशेब समजावला. डुकराचं धुरावलेलं मांस दिमापूरहून मागवायचं तर खर्च येतो, पण थाळीचा दर फार वाढवला तर ज्या मुलांसाठी हॉटेल काढलं तीच मुलं येईनाशी होतात.

कोरियाचा हा लळा अचानक लागलेला नाही. २००० साली मणिपूरमधल्या एका भूमिगत संघटनेनं हिंदी चित्रपटांवर बंदी घातली. चित्रपटगृहं आणि केबलवरून हिंदी गेलं आणि त्या जागी कोरियन वाहिन्या आणि मालिका आल्या. एक अख्खी पिढी त्यांवर वाढली. तिखट, आंबवलेलं, भाताबरोबरचं ते जेवण त्यांना परकं वाटलं नाही यात नवल नाही. देशभर आज कोरियन खाण्याची जी लाट आहे, ती इम्फाळमध्ये फार आधी येऊन गेली होती.

तेव्हा हुमायूंपूरला गेलात तर मेनूकार्ड मागून उघडा. हॉर्नबिलमध्ये नागा, द कॅटेगोरिकल ईट-फाममध्ये मणिपुरी, मिझो डायनरमध्ये मिझो, असा साधारण विभाग धरून चालता येतं. थाळी असेल तर थाळीच घ्या. त्यात काय कशाबरोबर खायचं हे आधीच ठरलेलं असतं. सुटे पदार्थ मागवले तर आपण रस्सा, कोरडं आणि चटणी यांचा तोल आपल्या सवयीनं बिघडवतो. भात भरपूर घ्या, कारण चटण्या आणि ठेचे भाताच्या हिशेबानं तिखट आणि खारट केलेले असतात. नागा राजा मिरचीच्या चटणीचा कण भाताला लावून खायचा. २००७ मध्ये तिच्याच कुळातल्या भूत जोलोकियाची गिनेसमध्ये जगातली सर्वांत तिखट मिरची म्हणून नोंद झाली, तेव्हा तिचा तिखटपणा दहा लाख स्कोव्हिलच्या वर भरला होता. पुढच्याच वर्षी नागा मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं. कोल्हापुरी ठेचा पचवणाऱ्यांनीही इथे पैज लावू नये. तिला तिखटाबरोबर एक फळासारखा सुंदर गंध आहे आणि तो कमी घेतली तरच कळतो.

शाकाहारी वाचकांनी निराश होऊ नये. मणिपुरी सिंग्जू ही कोबी, कमळाचे देठ आणि पाल्याची बारीक चिरलेली कोशिंबीर ङारीशिवायही करतात, तेव्हा तिच्यात भाजलेल्या पेरिलाच्या बियांची आणि हरभऱ्याच्या पिठाची पूड पडते. आपल्या कारळाच्या चटणीची आवड असलेल्यांना ती लगेच जवळची वाटेल. अखुनीची भाज्यांबरोबरची चटणी मिळते. शेवटी काळ्या तांदळाची, जांभळ्या रंगाची चाकहाओची खीर. या तांदळाला २०२० मध्ये मानांकन मिळालं. मात्र विचारल्याशिवाय कुठलीही भाजी शाकाहारी धरू नका, कारण ङारी दिसत नाही. आणि विचारायचं ते सरळ, साधेपणानं. ‘यात काय आहे, कसं केलंय?’ हा प्रश्न तिथल्या प्रत्येकाला आवडतो, मला कित्येकदा उत्तर द्यायला आचारी बाहेर आले. ‘तुमच्यात कुत्रा खातात ना?’ हा प्रश्न मात्र त्यांना आठवड्यातून एकदा तरी ऐकावा लागतो. जेवायला आलेल्या माणसानं यजमानाला तो विचारू नये, इतकी साधी रीत आपल्या घरांत आपल्याला शिकवलेली आहे.

आणि अखुनी कमी करा, वास कमी करा, थोडा गरम मसाला घाला, असं सांगू नये. दहा गिऱ्हाइकांनी सांगितलं की आचारी ऐकतो. ऐकत गेला, की मेनूचं शेवटचं पान गळून पडतं.

विमानाच्या सामानात मडकं

हुमायूंपूरच्या किराणा दुकानांत मी खाणावळींइतकाच वेळ काढला. छोट्या पाकिटांत अखुनी, बाटल्यांत बांबूचे कोंब आणि त्यांचं आंबट पाणी, वजनावर ङारी, दोऱ्यांत ओवलेली सुकी मासळी, धुरावलेलं मांस, डोंगरी मोहरीचा पाला, मरोई नावाच्या पाल्याच्या जुड्या. थंडीत योंगचाक येतात, हातभर लांब, वळणदार हिरव्या शेंगा, ज्यांच्या बियांना लसणासारखा उग्र वास असतो. विदर्भातल्या गडचिरोली-गोंदियाकडच्या वाचकांना बांबूचे कोंब नवे नाहीत, पावसात वास्त्यांची भाजी तिथेही होते. आंबवून बाटलीत भरलेला कोंब मात्र वेगळाच आंबटपणा घेऊन येतो.

माल येण्याचा मार्ग हे या धंद्यातलं खरं कसब. दिमापूर रेल्वेच्या मुख्य मार्गावर आहे, त्यामुळे नागालँडची खोकी गाडीनं येतात. इम्फाळपर्यंत रेल्वे पोचलेली नाही, म्हणून मणिपूरचा माल विमानानं, किंवा रस्त्यानं गुवाहाटी-दिमापूर गाठून मग रेल्वेनं. मे २०२३ पासून मणिपूरमध्ये दोन समाजांत पेटलेल्या हिंसाचारात महामार्ग पुन्हा पुन्हा अडले. ते अडले की दिल्लीतल्या दुकानात पाला येत नाही. राज्यात घरं सोडावी लागलेली माणसं ज्यांची नातेवाईक आहेत, ते दुकानदार दोन्ही बाजूंचे आहेत आणि एकाच गल्लीत धंदा करतात. त्याबद्दल मी कुणाला खोदून विचारलं नाही. मिझोरामची गोष्ट आता सुधारते आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये ऐजॉलजवळच्या सैरांगपर्यंत रेल्वे पोचली आणि तिथून दिल्लीला राजधानी सुरू झाली.

या सगळ्या रीतसर वाटांखेरीज एक वाट घराघरांतली आहे. सुट्टीहून परतणारा प्रत्येक जण सामानात काहीतरी आणतोच. अखुनी पानात, पानावर प्लास्टिक, प्लास्टिकवर कपडे, मग डबा. आईनं बांधून दिलेलं असतं. एका आचाऱ्यानं सांगितलं, की विकत घेतलेल्या अखुनीवर हॉटेल चालतं, पण कर्मचाऱ्यांच्या जेवणात पडते ती गावाहून आलेलीच.

लाजपतनगर, दवाखान्याच्या वाटेवर

हीच गोष्ट दुसऱ्या देशाच्या ताटात पाहायला लाजपतनगरला गेले. फाळणीत पंजाब-सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी वसवलेला हा भाग. पुढे अफगाणिस्तानातून निर्वासित आले आणि त्यांच्या मागोमाग दिल्लीच्या मोठ्या रुग्णालयांत उपचारांसाठी येणारे अफगाण रुग्ण. रुग्णाबरोबर नातेवाईक, त्यांना दुभाषे, दुभाष्यांना खोल्या, खोल्यांना नान भाजणारे नानवाई आणि खाणावळी. औषधांच्या दुकानांवर दरी भाषेतल्या पाट्या आहेत. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेलं, व्हिसा रद्द झाले आणि हे गिऱ्हाईक एकाएकी आटलं. तरीही तंदूर विझले नाहीत.

इथे काबुली पुलाव सगळे मागवतात, मागवावाच. गाजराच्या कातळ्या, मनुका आणि मांसाच्या रसात शिजलेला तांदूळ. पण त्याबरोबर मंतू मागवा. वाफवलेल्या पुड्यांत मटण आणि कांदा, वर दही, डाळीची आमटीसारखी दाट चटणी आणि सुकलेल्या पुदिन्याची चिमूट. ‘बोरानी बंजान’ म्हणजे दह्यातलं वांगं, आपल्या भरताच्या आणि दही-वांग्याच्या मधलं काहीतरी. मसाला इथेही जवळजवळ नाही. तिखटाच्या अपेक्षेनं आलेला दिल्लीकर आधी लिंबू आणि मग चाट मसाला मागतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आणि वाढप्यानं तो शांतपणे आणून दिलेलाही पाहिला. कागदी नळकांड्यात भरलेलं, हातभर लांब गरम नान घेऊन नानवाईकडून परतणारी मुलं संध्याकाळी गल्लीत दिसतात.

त्यानंतर मी मुद्दाम महाराष्ट्र सदनात जेवायला गेले. कारण दिल्लीत अपरिचित ताट आपलंही आहे. पिठलं, भाकरी, थालीपीठ, कोथिंबीर वडी. शेजारचं कुटुंब भाकरीला रोटी समजून काट्या-चमच्यानं तोडायचा प्रयत्न करत होतं. वाढणाऱ्या मराठी मुलानं पुढे होऊन भाकरी हातानं मोडून पिठल्यात कशी बुडवायची ते दाखवलं. मग त्यांनी कांदा मागितला, तोही बुक्कीनं फोडलेला हवा असं सांगून. त्या मुलाच्या एवढ्या एका दाखवण्यानं त्यांचं जेवण सुधारलं.

घरी आणायचं तर

हुमायूंपूरहून परतताना अखुनी आणावी. पिशवी हवाबंद असली तरी डब्यात घालून, डबा पुन्हा पिशवीत घालून, विमानात सामानाच्या पेटीतून. घरी ती फ्रीजरमध्ये महिनोन्‌महिने टिकते, फ्रीजमध्ये मात्र शेजारच्या दुधालाही वास लागतो. धुरावलेल्या मांसाच्या आणि अनिशीच्या नादी पहिल्यांदाच लागू नये. त्याला वेळ आणि सराव दोन्ही लागतात. घरातल्या घरात बरंच काही करून पाहायचं असेल, तर पत्रकार होइनू हाउझेल यांचं २००३ सालचं ईशान्येच्या पाककृतींचं पुस्तक हाताशी ठेवावं. या भागाचं जेवण एका ठिकाणी मांडणाऱ्या सुरुवातीच्या पुस्तकांपैकी ते आहे.

सुरुवात चटणीनं करावी. दोन टोमॅटो विस्तवावर किंवा गॅसवर थेट भाजून सोलायचे. दोन-चार हिरव्या मिरच्या आणि लसणाच्या पाकळ्याही भाजायच्या. चमचाभर अखुनी कोरड्या तव्यावर मिनिटभर परतायची, म्हणजे उग्रपणा थोडा खाली बसतो आणि भाजल्या शेंगदाण्यासारखा वास वर येतो. खिडकी उघडी ठेवायची आणि शेजारच्या काकूंना आधीच सांगून ठेवायचं, की आज आमच्याकडे नागा चटणी आहे, वाटी पाठवते. मग सगळं मीठ घालून खलबत्त्यात ठेचायचं. मिक्सर नको, त्यात दाणे पार लगदा होतात. गरम भाताबरोबर ती छानच लागते, आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर तर भाताहूनही छान.